विद्यापीठाची टोपी

फेब्रुवारी १९७१. जमैकातल्या किंग्स्टनच्या मैदानावर भारताची अवस्था ५ बाद ७५ अशी झाली होती. दिलीप सरदेसाई खेळत होते, त्यांच्या जोडीला एकनाथ सोलकर आले. दोघांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या. सोलकर ६१ वर बाद झाले, सरदेसाई २१२ पर्यंत पोहोचले आणि भारताच्या ३८७ झाल्या. त्या मालिकेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र या भागीदारीत वेगळ्याच गोष्टीचे कुतूहल आहे. हे दोघे मुंबईच्याच संघातले, पण निवडसमितीच्या नजरेत आले ते अगदी निराळ्या वाटांनी.

सरदेसाईंची वाट कॉलेजातून गेली. जन्म मडगावचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते आणि प्रथम श्रेणीचे क्रिकेट नव्हते. १९५७ साली ते मुंबईत आले आणि विल्सन कॉलेजात दाखल झाले. १९५९-६० च्या रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा काढल्या. या एका मोसमाच्या बळावर भारतीय विद्यापीठांच्या संघात त्यांची निवड झाली. १९६० साली पाकिस्तानचा संघ दौऱ्यावर आला, तेव्हा पुण्याच्या सामन्यात या संघाकडून त्यांनी प्रथम श्रेणीत पदार्पण केले आणि ८७ धावा केल्या. पुढच्या वर्षी ते कसोटी खेळले.

ही निवड म्हणजे नेमके काय होते, ते आजच्या वाचकाला सांगायला हवे. रोहिंटन बारिया ही आंतरविद्यापीठ स्पर्धा १९३५-३६ साली सुरू झाली. मुंबईच्या बारियांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ करंडक दिला होता. मोसमभर देशातली विद्यापीठे एकमेकांशी खेळत आणि त्यातले चांगले निवडून एक संघ बांधला जाई. पैसा नाही, करार नाही. पण परदेशी संघ आला की त्याच्याशी खेळायला मिळे. विद्यार्थ्याला याहून मोठा सन्मान तेव्हा दुसरा नव्हता. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगरांनी ऑक्टोबर १९४८ मध्ये संयुक्त विद्यापीठांकडून वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११५ केल्या आणि सात आठवड्यांत त्याच संघाविरुद्ध ब्रेबर्नवर कसोटीत पदार्पण केले.

हा दरवाजा सगळ्यांना सारखाच लवकर उघडे असे मात्र नाही. अजित वाडेकरांनी १९५८-५९ मध्ये याच स्पर्धेत ३२४ धावांचा डोंगर रचला. पहिली कसोटी मिळाली डिसेंबर १९६६ मध्ये! त्यांचा विक्रम पुढे सुनील गावसकरांनी ३२७ करून मोडला आणि ते थेट १९७१ च्या दौऱ्यावर, वाडेकरांच्याच नेतृत्वाखाली गेले. बोटाला नखुरडे झाल्यामुळे किंग्स्टनला खेळू शकले नाहीत. उरलेल्या चार कसोटींत ७७४ धावा केल्या.

वाडेकरांचा प्रवेशही योगायोगाचाच. एल्फिन्स्टनला विज्ञान शिकणारा हा मुलगा बसने कॉलेजला जायचा. त्याच बसमध्ये असणाऱ्या बाळू गुप्ते यांनी विचारले, बारावा गडी म्हणून येतोस का? दिवसाला तीन रुपये मिळतील. तीन रुपयांसाठी तो गेला. मला ही हकिगत आवडते, पण ती वाचताना थांबायलाही होते. बसमध्ये भेट व्हायला आधी कॉलेजच्या वाटेवर असावे लागते.

माझे गाव करंजा, समोर मुंबई दिसते. तरी कॉलेज म्हणजे मोऱ्याहून लाँच पकडून भाऊचा धक्का गाठणे, आणि संध्याकाळी नेट संपायच्या आत परतीची लाँच धरायची म्हणून किट आवरणे. तेही ज्यांच्या घरी फीचे पैसे असतील त्यांनी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यावर आमच्याकडे काही मुले अशी गोलंदाजी करायची की फलंदाज मागे सरकायचे. सोळाव्या-सतराव्या वर्षी ती खलाशी म्हणून नाखव्याच्या होडीवर गेली. ती मोठी झाली असती असे माझे म्हणणे नाही. त्यांच्याकडे कुणी पाहिलेच नाही, इतकेच.

दूरचे एक उदाहरण यासाठी बोलके आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमधले वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू निवडून त्यांचा कागदोपत्री ‘राष्ट्रीय’ संघ जाहीर करण्याची प्रथा १८८९ साली सुरू झाली. त्या पहिल्या यादीतले अकराही जण हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीनच संस्थांचे होते! निवडणारे अप्रामाणिक होते असे मानायचे कारण नाही. ते ज्या मैदानांवर जात, तिथलेच खेळाडू त्यांना दिसत. आपल्या विद्यापीठ संघाबद्दलही मला हेच वाटते. त्याने सरदेसाईंसारख्या, मुंबईत ना गोत ना ओळख असलेल्या मुलाला एका मोसमात वर काढले, हे त्याचे खरे श्रेय. पण तो मुलगा आधी मुंबईत येऊन कॉलेजात नाव घालू शकला होता.

सोलकरांना ती सोय नव्हती. वडील हिंदू जिमखान्याचे मुख्य माळी. मुलगा तिथल्या सामन्यांचे धावफलक बदलायचा, म्हणजे मोठ्यांचा खेळ रोज जवळून बघायचा. त्यांना वर आणले ते शालेय क्रिकेटने. १९६५-६६ मध्ये लंडनच्या शालेय संघाविरुद्ध ते भारतीय शालेय संघाचे कर्णधार होते, आणि त्यांच्या हाताखाली खेळत होते गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ. १९६९ मध्ये, विजय मर्चंट निवडसमितीचे अध्यक्ष असताना, सोलकर कसोटी संघात आले. मर्चंट त्या वर्षी तरुणांना ओळीने संधी देत होते.

शाळेची वाट कॉलेजपेक्षा रुंद होती, हे खरे. पण सोलकरांच्या घराला लागून जिमखान्याचे मैदान होते, हेही विसरता येत नाही. २७ कसोटींत ५३ झेल घेणारा हा क्षेत्ररक्षक फॉरवर्ड शॉर्ट लेगला फलंदाजाच्या अगदी बॅटखाली उभा राहायचा, तेही हेल्मेटशिवाय. आमच्या गावातल्या मुलांना तो सगळ्यांत जास्त आवडायचा. होडी किनाऱ्याला लागली की जाळी उतरवून होईपर्यंत कुणीतरी बाजूला वाकून हात पसरून उभा राहायचा, आणि दुसरा त्याच्याकडे सुकी बोंबील भिरकवायचा.