डोंगरातील संदेशासाठी सात वेढ्यांचे गणित

पुणे – आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक बळी घेणाऱ्या या दुर्घटनेची वार्ता बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. आंबेगाव-जुन्नरच्या दऱ्यांत अशा वेळी हौशी रेडिओचालक अर्थात 'हॅम' उपयोगी पडू शकतात. मात्र, त्यासाठी अँटेना व रेडिओसंच यांचे सूत जुळावे लागते.

व्हीएचएफ लहरींना डोंगर अडवतात. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र दिवसा आयनमंडलावरून परावर्तित होऊन दरीतही उतरतात. त्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची, अर्ध्या तरंगलांबीची तार झाडावर पाच-सहा मीटर उंचीवर बांधली तरी चालते. अडचण एवढीच, की अशा तारेच्या टोकाशी प्रतिबाधा (विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध) सुमारे अडीच हजार ओहम असते, तर संच ५० ओहमसाठी बनविलेला असतो. दोन्ही थेट जोडल्यास सुमारे ९२ टक्के शक्ती परत फिरते.

यावर उपाय म्हणजे जुळणीचा ट्रान्सफॉर्मर. प्रतिबाधेचे गुणोत्तर वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतके असते. फेराइटच्या कड्यावर संचाच्या बाजूने दोन आणि तारेच्या बाजूने १४ वेढे घेतल्यास प्रमाण १ : ७ होते. सातचा वर्ग ४९, आणि ५० गुणिले ४९ म्हणजे २४५० ओहम!

वेढे मोजले की काम संपले, असे नाही. सर्वांत कमी वारंवारतेलाही संचाकडील वेढ्यांचा प्रेरकीय विरोध ५० ओहमच्या साधारण चौपट हवा. कडे लहान किंवा चुकीच्या प्रकारचे असल्यास ते तापते व शक्ती उष्णतेत वाया जाते. म्हणून तार जोडण्यापूर्वी २४५० ओहमचा रोध लावून एसडब्ल्यूआर तपासावा. तो १ च्या जवळ असावा. पण कडे तापत नाही ना, हेही पाहावे.

जुन्नरमध्ये आणखी एक पथ्य आहे. खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची 'जीएमआरटी' दुर्बीण अवकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी टिपते. केबलच्या बाह्य आवरणावरून वाहणारा प्रवाह आसपास गोंगाट पसरवतो. तो रोखण्यासाठी केबलवर फेराइटचा चोक बसवावा.

प्रेषणासाठी शासनाचा परवाना अनिवार्य आहे. आपत्तीपूर्वीच सराव केला, तरच ही तार वेळेवर बोलेल.