उघडं दार : पंडिता रमाबाई आणि धर्म देण्याची गोष्ट

आपल्या वस्त्यांत एक वाद हल्ली वारंवार निघतो. रविवारी दोन-चार बाया बायबल घेऊन येतात. आजाऱ्याच्या उशाशी बसतात, प्रार्थना करतात, निघून जातात. आपली काही पोरं म्हणतात, हाकला यांना, या आमिष दाखवतात. दुसरी म्हणतात, बसू द्या की, कुणाचं काय जातंय. वाद तापतो आणि तसाच विझतो. कारण मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाही.

मूळ प्रश्न असा : आपल्याला सापडलेला धर्म दुसऱ्याला देणं म्हणजे काय? त्यात देणाऱ्याचा स्वार्थ किती आणि घेणाऱ्याचं भलं किती, हे कशावरून ओळखायचं? हा प्रश्न आपलाही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आधी स्वतः दीक्षा घेतली आणि लगेच लाखो माणसांना दिली. म्हणजे आपणही धर्म देणाऱ्यांचीच लेकरं. तेव्हा दुसऱ्याला मोजायची पट्टी आपल्यालाही लावावी लागेल.

ही पट्टी तयार करायला मी एक माणूस घेतो. पंडिता रमाबाई. जन्मानं चित्पावन ब्राह्मण, मरताना ख्रिस्ती. ना आपल्या जातीची, ना आपल्या धर्माची. मुद्दाम अशीच घेतली. आपल्या माणसाला मोजताना आपली पट्टी वाकते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. बाप अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून सनातन्यांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. आईनं रमेला शिकवलं. पुढं हे कुटुंब तीर्थं फिरत, पुराणं सांगत जगलं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, बाप, थोरली बहीण भुकेनं गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले.

इथं जरा थांबा. या घराला हजारो श्लोक पाठ होते, पण हातानं काम करता येत नव्हतं. उच्च जातीच्या माणसानं मोलमजुरी करायची नाही, ही शिकवण हाडांत मुरलेली. रमाबाईंनीच हे पुढं लिहून ठेवलंय. जातीनं आपले हात राबवून घेतले आणि त्यांचे हात बांधून ठेवले. दुष्काळ आला तेव्हा पोथीनं घासभर अन्न दिलं नाही. गिरणीत साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं.

भाऊ-बहीण पायी हजारो मैल हिंडले. १८७८ ला कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांच्या पोरीचं संस्कृत ऐकून तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पण त्याच काळात शास्त्रं खोलवर वाचताना बाईंना एक गोष्ट दिसली. ही शास्त्रं आपसात कितीही भांडोत, एका बाबतीत सगळ्यांचं एकमत : बाई नीच, आणि शूद्राला व बाईला मोक्षाचा हक्क नाही. संस्कृतच्या माजघरात बसलेल्या बाईनं हे आतून पाहिलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जळली, त्याच्या कितीतरी आधी.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच साली बाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केलं. ब्राह्मणांच्या लेखी तो शूद्र. १८८१ ला मुलगी झाली, मनोरमा. १८८२ ला नवरा पटकीनं गेला. चोवीस वर्षांची विधवा, कडेवर पोर, आणि जात तर लग्नानंच गेलेली. बाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढं साक्ष दिली आणि बायांसाठी बाई डॉक्टर, बाई शिक्षक हवेत असं ठणकावून सांगितलं. १८८३ ला इंग्लंडला गेल्या.

तिथं वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. लंडनमध्ये याच मठाच्या बाया समाजानं टाकलेल्या, 'वाया गेलेल्या' म्हटल्या जाणाऱ्या बायकांची सेवा करत होत्या. आपल्याकडं अशा बाईचं कुत्रंही हाल खात नाही. तिला शिक्षा, तिला हाकलणं, एवढंच शास्त्राला ठाऊक. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून त्यांना बायबलातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली.

ही गोष्ट आपण ऐकण्यासारखी आहे. दुपारची वेळ. विहीर. येशू तहानलेला. पाण्याला आलेली बाई शोमरोनी, म्हणजे यहुदी लोकांनी बाटगी ठरवलेल्या जमातीची. यहुदी त्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत. त्यात तिचे पाच नवरे होऊन गेलेले. तिच्याकडं येशू पाणी मागतो. बाईच चकित होते, तू माझ्या हातचं पाणी कसं मागतोस? दोस्तहो, २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर आपण पाणी प्यालो. त्यासाठी डोकी फुटली. तेव्हा विहिरीवरच्या पाण्याची गोष्ट कुणाच्या काळजाला का भिडते, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात बोंब उठली. विद्वान बाई बाटली! पण जोतीराव फुल्यांनी १८८५ ला 'सत्सार' काढून बाईंची बाजू घेतली. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. तरी ज्या धर्मानं बाईला जनावराच्या पंगतीला बसवलं तो तिनं सोडला तर तुमच्या पोटात का दुखतं, हा त्यांचा रोख होता. धर्म पटणं वेगळं आणि धर्म बदलण्याचा माणसाचा हक्क मानणं वेगळं. वस्तीतल्या वादात आपण हा फरक विसरतो.

आता कुणाला वाटेल, बाई गोऱ्यांच्या पदराखाली गेल्या. तसं झालं नाही. मठातल्या मंडळींनी सांगितलेलं सगळं बाईंनी मानलं नाही. धर्मगुरूंचं ऐक म्हटल्यावर त्यांनी जवळजवळ असंच सुनावलं की एका पुरोहितशाहीतून सुटून आलेय ती दुसरीत मान अडकवायला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत घाला, असंही म्हणाल्या. पुढं १८९७ च्या प्लेगात सरकारी बंदोबस्तात बायकांची काय परवड होते ते त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' मध्ये छापून आणलं. गोरा साहेब नाराज होईल म्हणून तोंड शिवून बसल्या नाहीत.

१८८७ ला अमेरिकेत त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी. इथं आपण बोट ठेवलंच पाहिजे. बाईंची नजर तेव्हा उच्च जातीच्या विधवेपुरती होती. महारामांगाची बाई, जी गावकीही करत होती आणि पाटलाच्या वाड्यापुढं वाकतही होती, ती त्या चित्रात नव्हती. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं तेही मुख्यतः अशाच विधवांसाठी. मुलींना आपले जातीचे नियम पाळायची मोकळीक होती. पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांचा, पण अट अशी की कुणाला धर्म शिकवायचा नाही. दुसऱ्या वर्षी सदन पुण्याला आलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारक मंडळी सल्लागार होती.

आणि १८९३ ला दाराचं प्रकरण झालं.

बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसत. ओरड झाली, बाई मुली बाटवते. 'केसरी' तर टपलेलाच होता. सल्लागारांचं म्हणणं, प्रार्थनेला मुलींना बसू देऊ नका. बाईंचं उत्तर सरळ होतं : मी कुणाला बोलवत नाही, कुणाला हाकलणारही नाही. माझ्या घरात माझं दार मी का लावू? सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या. दार लावलं असतं तर मान, माणसं, संस्था सगळं शाबूत राहिलं असतं. बाईंनी तोटा पत्करला, दार उघडंच ठेवलं.

पुढं काही मुली ख्रिस्ती झाल्या, काही झाल्या नाहीत. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून हिंदूच राहिली. ते दार दोन्ही बाजूंनी उघडत होतं.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ ला मध्य प्रांतात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. लहानपणी भुकेनं आईबाप गेलेली बाई घरी बसू शकली नाही. तिकडं जाऊन सुमारे तीनशे बाया-पोरी घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावला नेलं. तिथं बाईंनी आधीच शेतजमीन घेतली होती. १८९८ ला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजारावर गेली. आता फक्त ब्राह्मण विधवा नव्हत्या. शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या, खालच्या ठरवलेल्या जातींच्या पोरी होत्या. पुस्तकाच्या नावातली 'उच्चवर्णीय' ही चौकट भुकेनं मोडली. हे बाईंच्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्ही लिहून ठेवा.

आणि तिथं काय शिकवलं? विणकाम, तेलाची घाणी, शेती, गाईगुरं, सुतारकाम, धुलाई, छापखाना. आंधळ्यांना ब्रेल. जिच्या घरातले लोक हातानं काम न करता आल्यामुळं मेले, तिनं हजारो हातांना काम दिलं. टाकलेल्या बायांसाठी वेगळं कृपा सदन काढलं. लंडनला पाहिलेली गोष्ट केडगावच्या मातीत उतरवली.

पण एक काटा राहतो. भुकेनं मरणाऱ्या पोरीला तुम्ही भाकरी देता आणि सोबत प्रार्थना देता. त्या पोरीला 'नाही' म्हणता येतं का? शारदा सदनातल्या विधवेच्या मागं घर होतं, ती जाऊ शकत होती. दुष्काळातल्या पोरीच्या मागं कुणी नव्हतं. मुक्तीमध्ये धर्म उघडपणे दिला जाई. १९०५ ला तिथं मोठं धर्मजागरण झालं, बायांच्या टोळ्या गावोगाव जाऊन ख्रिस्ताचं सांगू लागल्या. हा काटा मी उपटून टाकत नाही. मात्र ज्यांनी त्या पोरींना भाकरीही दिली नाही आणि धर्मही द्यायला तयार नव्हते, त्यांना हा प्रश्न विचारायचा हक्क नाही. आपल्याला आहे, पण आपणही कुणाला भाकरी दिली असेल तर.

शेवटचं काम मला सगळ्यात मोठं वाटतं. बाईंना बायबलचं मराठी भाषांतर जड वाटे. संस्कृत शब्दांनी ठासलेलं, खेड्यातल्या बाईला न कळणारं. बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. कधीकाळी क्रुसावर संस्कृत मागणारी बाई आता संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत होती. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बाया. काल ज्यांना अक्षर ठाऊक नव्हतं, त्यांनी ग्रंथ छापला. १९२१ ला मनोरमा गेली. म्हातारीनं काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या तेव्हा भाषांतर नुकतंच पुरं झालं होतं. १९२४ ला ते छापून निघालं. स्टेन्सिल कापून, हात शाईनं काळे करून पानं काढणाऱ्या आपल्यासारख्यांना ही बाई इथं फार जवळची वाटते. ज्ञान द्यायचं तर घेणाऱ्याच्या भाषेत द्यायचं. बुद्धानंही लोकांच्याच बोलीत सांगितलं.

आता पट्टी. मला तीन खुणा दिसतात. पहिली, देणाऱ्यानं स्वतःचं काय गमावलं? दुसरी, दार दोन्ही बाजूंनी उघडतं का, येणारा परत जाऊ शकतो का? तिसरी, घेणारा देणाऱ्यावर लटकून राहिला की स्वतःच्या पायावर उभा राहिला? रमाबाई पहिल्या आणि तिसऱ्या खुणेवर पूर्ण उतरतात. दुसऱ्या खुणेवर शारदा सदनात उतरतात, दुष्काळानंतर प्रश्न उरतो.

हीच पट्टी ख्रिस्ती समाजालाही लावा. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त दोघांचं मोठेपण मानलं आणि ख्रिस्ती झालेल्यांतही जात टिकते, हे तोंडावर सांगितलं. विहिरीवरची गोष्ट वाचून दाखवायची आणि देवळात वेगळ्या बाकावर बसवायचं, हे चालणार नाही. आणि सरकारलाही लावा. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. १९५६ ला शिखांना, १९९० ला बौद्धांना त्या मिळाल्या. दलित ख्रिश्चन मात्र बाहेरच राहिला. जात त्याला सोडत नाही आणि सरकार त्याची जात मानत नाही. वर कुणी म्हणतं, आमिषानं धर्म बदलतात! धर्म बदलला की सवलत जाते, मग आमिष नेमकं कुठल्या बाजूला आहे ते बघा.

शेवटी पट्टी आपल्याला. आपण धम्म कुणाला देतो? जयंतीचा मंडप, वर्गणीची पावती, स्टेजवरचं नाव, एवढ्यानं धम्म दिला जात नाही. शेजारच्या चाळीत आजारी म्हातारी पडून असते. तिच्या उशाशी बायबलवाली बाई बसते, कारण आपल्यातलं कुणी बसत नाही. आपण रोज संध्याकाळी तिला पाणी द्यायला गेलो, तिच्या नातवाला दोन अक्षरं शिकवली, तर कुणाला हाकलायची वेळच येणार नाही. आपलं दार उघडं ठेवा. ज्याला यायचं तो येईल, आणि ज्याला जायचं त्याला जाता आलं पाहिजे.

जयभीम.