असंच पाहिजे त्याला!

मागच्या आठवड्यात आपल्या तालुक्याच्या एका ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता. मोबाईल चोरला म्हणून बाजारात एका पोराला चोपत होते. खाली शे-दीडशे कमेंटा: 'असंच पाहिजे', 'बरं झालं', 'शिवकाळात असता तर चौरंग केला असता'. खोटं कशाला बोलू, 'बरं झालं' मीही लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी कळलं, मोबाईल ज्याचा त्याच्याच गाडीच्या डिकीत सापडला. पोरगं तोवर दवाखान्यात.

तेव्हापासून हा 'चौरंग' डोक्यातून जात नाही. म्हणून ज्या पत्राच्या जोरावर आपण तो शब्द वापरतो, ते पुन्हा वाचलं.

पत्र २८ जानेवारी १६४६ चं, शिवाजी महाराजांच्या शिक्क्याचं. रांझे गावचा मुकादम, म्हणजे पाटील, बाबाजी गुजर. गाव आजच्या भोर तालुक्यात. मुकादमी करताना त्याच्या हातून 'बदअमल' झाला, एवढंच पत्रात आहे. बाकीची हकिकत आपण गोष्टीतून ऐकलेली. त्याचे हातपाय तोडले, हेही आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या आधीचे शब्द आपण गाळतो. बातमी कळल्यावर बाबाजीला हुजूर आणलं, 'मनास आणलं', ते खरं ठरलं, आणि मग शिक्षा.

'मनास आणणे' म्हणजे त्या काळच्या कागदांतली चौकशी. जुन्या निवाड्यांत हा शब्द पावलोपावली भेटतो. पुढे पाटीलकी काढून घेतली आणि त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराला दिली. म्हणजे दोषी माणूस हटला, पण गावाचा कारभार अडला नाही आणि घराण्याचं वतनही बुडालं नाही. हातपाय तोडणं आज कोणी मागू नये, तो काळ वेगळा होता. घ्यायचाच असेल तर त्यातला क्रम घ्या.

मराठेशाहीच्या कागदांत आणखी एक गंमत आहे. 'गुन्हेगारी' म्हणजे तेव्हा गुन्ह्यांचं प्रमाण नव्हे, तर हरणाऱ्याने सरकारात भरायचा दंड. आणि दावा जिंकणाऱ्यालाही फुकट सुटका नव्हती, त्याने 'हरकी' भरायची. हरला त्याची गुन्हेगारी, जिंकला त्याची हरकी. पण दोन्ही निवाडा झाल्यावर, आधी नाही!

आणि मोठ्या माणसाला वेगळा नियम? ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. संशय थेट चुलत्यावर, रघुनाथरावांवर, आणि गादीवर तेच बसलेले. रामशास्त्री प्रभुण्यांनी दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहून आरोळी ठोकली नाही. आधी तपास केला, मग रघुनाथरावांना दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगितलं. पुढे पुणंही सोडलं. गावचा पाटील असो की राज्याचा पेशवा, शिक्षेच्या आधी चौकशी.

आपल्या भाषेत योग्य फळाला शब्दांची कमी नाही. चांगल्याला 'कष्टाचं चीज झालं', वाईटाला 'अद्दल घडली', दोघांनाही 'करावं तसं भरावं'. पण या प्रत्येकात 'केलं' हे आधी ठरलेलं असावं लागतं. केलंच नसेल तर भरायचं काय? त्या पोराने काय केलं होतं?

मी माझी कमेंट काढून टाकली. पण ती काढल्याने त्याचा हात सांधला जाणार नाही, हे कळतंय. ज्यांनी मारलं त्यांच्यावर रीतसर चौकशी व्हावी, खरं निघालं तर शिक्षाही व्हावी. त्यांनाही बाजारात चोपा, असं मी म्हणणार नाही.

पुढच्या वेळी बोट 'असंच पाहिजे' टाइप करायला गेलं, तर एवढंच स्वतःला विचारा: मनास आणलं का?