नर्सबाईला विचारले कोणी?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन डोंगराळ तालुके. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची येथे मोठी वस्ती आहे. तानसा आणि भातसा ही धरणे शहापुरात. त्यांचे पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. आरोग्याचा कारभारही याच चालीचा आहे. पाड्यावर सरकारी आरोग्यसेवा म्हणजे उपकेंद्राची नर्सबाई. धोरण राबवण्याचे ओझे तिच्या खांद्यावर असते. ते ठरवताना मात्र तिला कोणी विचारत नाही.

याचे मूळ जातीत आहे. बाळंतपण, नाळ कापणे, रक्तामांसाची कामे समाजाने विटाळाची मानली आणि ती खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांवर टाकली. त्यांच्या हाताचे कसब वापरले, पण त्याला ज्ञान म्हटले नाही. या व्यवस्थेला छेद देणारी परंपराही आपल्याकडे आहे. 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले गेल्या. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेची विश्रांती हे राष्ट्रहित आहे आणि तिचा भार बव्हंशी सरकारने उचलावा, असा मुद्दा बाबासाहेबांनी मांडला. सुईणीच्या खोलीतला प्रश्न त्यांनी कायद्याच्या पातळीवर नेला.

स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनाने हा धागा पुढे नेला नाही. भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार देशात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. परिचारिका वाढवायच्या हे ठरले. त्यांचे म्हणणे कोठे ऐकायचे हे ठरले नाही. 1966 पासून कुटुंबनियोजनाची लक्ष्ये तिच्या माथी आली. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने गोरगरिबांत दहशत पसरली आणि दारात येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यावरचा विश्वासही तुटला. ही लक्ष्यपद्धती 1996 साली मागे घेण्यात आली. दारोदार फिरणाऱ्या बाईला तिचे दुष्परिणाम दिसण्यासाठी 30 वर्षे लागली नसती.

दरम्यान 1973 साली कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कर्मचारी केले. म्हणजे कामे वाढली, अधिकार नव्हे. आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, हा पुढे निकष झाला. तो माणसे मोजतो. ओढे, चढण आणि पावसाळ्यात तुटणारी वाट मोजत नाही. दिवाळीनंतर उचल घेतलेली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पोर भट्टीवर आणि लसीची नोंद गावच्या वहीत, अशी ताटातूट होते. उपाय काय हे नर्सला ठाऊक असते. पण तिच्या वहीतले आकडे वर जातात, तिचे मत वहीबाहेरच राहते.

ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 च्या सुमारास महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. जनसुनवाईत गावकरी प्रश्न विचारू लागले, ही मोठी गोष्ट होती. मात्र औषध का नाही, पद रिकामे का, याचे उत्तर अनेकदा ज्या बाईच्या हातात काहीच नाही तिलाच द्यावे लागते. गावकरी आणि नर्स यांना समोरासमोर उभे करून वरचा निर्णयकर्ता नामानिराळा राहतो. आपल्या कार्यकर्त्यांनी हा डाव ओळखला पाहिजे. जाब विचारायचा तो नर्सला सोबत घेऊन, वर.

त्यासाठी तिची तयारी हवी. सुई-सलाइनबरोबर जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक वाचणे, स्वतःच्याच नोंदींतून निष्कर्ष काढणे, ठराव लिहिणे हे प्रशिक्षणात आले पाहिजे. गाव आरोग्य समितीचा निधी कसा खर्चावा, ही धोरणाची पहिली शाळा होऊ शकते. पेसाखालची ग्रामसभा ही दुसरी. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीसमोर उपकेंद्राच्या नर्सेसचे म्हणणे नियमाने मांडले जावे, अशी मागणी शहापूर-मुरबाडमधून करता येईल. 2023 साली राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला. पण दिल्लीतला आयोग पाड्यावरच्या बाईला आपोआप बोलते करणार नाही.

दलित, आदिवासी, बहुजन मुली आज मोठ्या आशेने नर्सिंगकडे येत आहेत. त्यांना केवळ नोकरी मिळाली आणि आवाज मिळाला नाही, तर जुनी सुईणच पांढऱ्या गणवेशात उभी राहील. हे होऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न एकट्या नर्सेसचा नाही. तो आपल्या चळवळीचाही आहे.