नागरी संशोधन, लोकसहभागी
वस्तीची शिरगणती, नकाशा व गरजांची नोंद तेथील रहिवाशांनीच करावी आणि ती महापालिकेपुढे वा शासनापुढे धोरणाचा आधार म्हणून ठेवावी, अशी कार्यपद्धती. महाराष्ट्रात तिचा उगम झोपड्या पाडण्याच्या मोहिमेत सापडतो.

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याचा निर्णय जाहीर केला. पत्रकार ओल्गा टेलिस आदींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो, हे न्यायालयाने मान्य केले; तरी ३१ ऑक्टोबरनंतर झोपड्या हटवण्यास वाट मोकळी ठेवली. मधल्या काळात ‘स्पार्क’ (स्थापना १९८४) या संस्थेने भायखळा परिसरात सुमारे ६,००० पदपथवासी कुटुंबांची गणना केली. तोवर ही माणसे कोणत्याच सरकारी यादीत धडपणे नव्हती. पुढे जॉकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ व ‘महिला मिलन’ (१९८६) यांच्यासोबत गणनेची रीत बसत गेली : दारांवर खडूने क्रमांक टाकायचे, हाताने नकाशा काढायचा, घरोघर तक्ते भरायचे आणि जमलेली माहिती वस्तीसमोर वाचून दाखवून चुका दुरुस्त करायच्या. हे शेवटचे काम सर्वांत मोलाचे. नेमके तेच सरकारी सर्वेक्षणांत सहसा गळते. १९९५ नंतर पदपथवासी पुनर्वसनास पात्र ठरू लागले. त्यात गणनेचा वाटा किती, याविषयी एकमत नाही. या संघटनांनी शासनाशी साधलेल्या जवळिकीवर टीकाही झाली.

मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘पुकार’ या संस्थेने हेच काम तरुणांकडे नेले. संशोधन करणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, अशी अप्पादुराईंची भूमिका. संस्थेच्या युवा पाठ्यवृत्तीत (२००५ पासून) तरुणांचे गट आपल्याच परिसरातला प्रश्न निवडून वर्षभर अभ्यास करतात. त्यांना ‘अनवाणी संशोधक’ म्हणतात. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील कौला बंदर येथील आरोग्यविषयक पाहणी त्यांच्या कामात ठळक. ही वस्ती केंद्राच्या अखत्यारीतील बंदराच्या जमिनीवर आहे, ‘घोषित’ (अधिसूचित) झोपडपट्टी नव्हती, म्हणून महापालिकेचे नळ नव्हते. पाणी खाजगी विक्रेत्यांकडून, पालिकेच्या दराच्या अनेक पट मोजून घ्यावे लागे. अधिसूचनेचा अभाव हेच आजाराचे एक कारण, असा निष्कर्ष २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर अनधिकृत वस्त्यांनाही पाणी देण्याचे निर्देश दिले. हा लढा मात्र वेगळा होता.

पुणे : महापालिकेचे लोकसहभागी अंदाजपत्रक २००६–०७ पासून, नागरिक क्षेत्रीय कार्यालयात कामे सुचवतात. ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने पुणे व सांगलीत झोपडपट्ट्यांचे संगणकीय नकाशे केले.

शहरांतील मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद राज्याच्या महापालिका कायद्यांत २००९ मध्ये आली, पण ती बव्हंशी कागदावर राहिली. हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाक्यासारख्या, हमरस्त्याच्या कडेने बाजारपेठ म्हणून वाढणाऱ्या गावांना तीही लागू नाही. तेथे ग्रामसभा आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा.