भीमेचे डोह आणि मोठा मासा

रशिया, फिनलंड, स्वीडन, कॅनडा अशा उत्तरेकडील मुलखांत हिवाळा आला की तळी गोठतात आणि मासे धरणाऱ्याला पाण्यावरून पायी चालत जाता येते. बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडावयाचे, लहान माशाचे आमिष लावलेला गळ त्यातून खाली सोडावयाचा, आणि दोरीला ओढ बसताच उभी राहील अशी झेंडी भोकाशी लावून थंडीत वाट पाहत बसावयाचे, अशी ही शिकार असते. तिचे मानाचे सावज म्हणजे ‘पाइक’ नावाचा मासा. हा शब्द कानी पडताच मराठी माणसाला शिवकालातील भालाईत पाईक आठवला तर ते अगदीच गैर नव्हे. कारण इंग्रजीत या माशाला हे नाव लांब भाल्यावरूनच मिळाले आहे. लांबट देह, बदकाच्या चोचीसारखे चपटे तोंड, आत मागे वळलेल्या दातांच्या रांगा. पाणवनस्पतींच्या आड तो निश्चल उभा राहतो आणि जवळून जाणाऱ्या माशावर एकदम झडप घालतो. वीस किलोच्या घरात जाणारे जे मोठे पाइक असतात, त्या बहुधा माद्याच असतात. ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूने १५५५ साली रोममध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात बर्फाखाली जाळी ओढून मासे धरण्याची रीत वर्णिली आहे. म्हणजे हा उद्योग फार जुना.

बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्याला ही हकीकत परीकथेसारखी वाटेल. त्या बाजूस पाणी गोठणे दूरच राहो, ते टिकले तरी पुरे अशी पिढ्यान्‌पिढ्यांची स्थिती. मोरोपंतांनी जिच्या काठी आयुष्य घालविले ती बारामतीची कऱ्हा तर पावसाळा सरताच वाळूत जिरणारी. तरीही या दोन मुलखांत एक साम्य आहे. मोठा मासा एरवी माणसाच्या हाती लागत नाही; ऋतू त्याला कोंडतो तेव्हाच तो लागतो. उत्तरेत त्याला हिवाळा कोंडतो, भीमाकाठी उन्हाळा कोंडीत असे. तेथे बर्फ, येथे डोह.

भीमा सह्याद्रीत उगम पावून आग्नेयेस वाहते. तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते, पुढे पुण्याकडून मुळा-मुठा येते, आणि इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नरसिंहपूर येथे, बारामतीवरून आलेली नीरा तिच्यात शिरते. धरणे होण्यापूर्वी माघ-फाल्गुनापासून तिचा प्रवाह क्षीण होई आणि वैशाखात पात्रात नुसते डोह उरत. खडकाळ पात्रात पुराच्या पाण्याने कोरलेले हे खळगे कोठे पुरुषभर, कोठे त्याहून पुष्कळ खोल असत. पावसाळ्यात शे-दीडशे मैलांच्या पाण्यात स्वैर हिंडणारे मोठे मासे उन्हाळ्यात या डोहांत येऊन अडकत. पाणी तापे, त्यातील प्राणवायू कमी होई, मासा मंद होई. बर्फाखालीही नेमके हेच घडते. वर हिमाचा थर जमून उजेड बंद झाला म्हणजे उथळ तळ्यातील प्राणवायू संपत येतो आणि कधी कधी सबंध तळ्यातील मासे गुदमरून मरतात. ताप व गारठा एकमेकांच्या विरुद्ध खरे, पण माशाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच.

पाइकची जागा दक्षिणेत ज्याला शोभेल असा मासा म्हणजे मरळ. तोही दबा धरून बसणारा आणि बेडूक, मासळी जे समोर येईल ते गिळणारा. मात्र त्याच्यात एक विशेष आहे. पाण्यातील प्राणवायू त्याला पुरत नाही. हवा घेण्यासाठी त्याला वर यावेच लागते. त्यामुळे भोई-कोळ्यांना झेंडीची गरज पडत नसे. डोहाच्या काठी स्तब्ध बसावे, मरळ कोठे तोंड काढतो ते हेरावे आणि तेथेच जिवंत बेडूक लावलेला गळ टाकावा. वाम, शिंगाळा आणि खिरीट या माशांसाठी रात्री गळ लावून ठेवीत. शेवटी डोह आटत आला म्हणजे अनेक घरची माणसे मिळून जाळी लावीत व पाणी बडवून मासे त्यांत हाकीत. गेळफळाची पूड पाण्यात कालवून मासे गुंगवण्याचीही रीत होती. ही रीत मात्र घातकी. तिच्यात मोठा मासा मिळतो तसा पिलांचाही सत्यानाश होतो.

या शिकारीचे शास्त्र लिहून ठेवणारा पहिला मोठा ग्रंथ दक्षिणेतलाच आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सर्व विषय त्यात आले आहेत, आणि राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ म्हणून गळाने मासे धरण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. सुमारे पस्तीस जातींचे मासे त्यात सांगितले आहेत. समुद्रातले कोणते व नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, हा भेद केला आहे. कोणत्या माशाला कोणते आमिष, दोरी कशी, काठी कशी, हे सारे आहे. मासे धरण्यापूर्वी त्यांना एका ठिकाणी नियमाने चारा घालून सवय लावावी, ही युक्तीही त्यात सांगितली आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत संपादून छापला तो गजानन श्रीगोंदेकर यांनी. त्यांच्या आडनावातले श्रीगोंदे भीमेच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर आहे, हा योगायोगही मौजेचाच म्हणावयाचा.

सोमेश्वरानंतर सातशे वर्षांनी भीमेच्या माशांची दुसरी मोजदाद एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केली. विल्यम हेन्री साइक्स याला १८२४ साली मुंबई सरकारने दक्षिणेची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे, पिके, जमाबंदी यांच्या नोंदी करीत असता त्याने पशुपक्षी व मासेही टिपले, आणि दक्षिणेतील माशांवरचा त्याचा निबंध १८३९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळामार्फत प्रसिद्ध झाला. त्याचा एक गुण खचित वाखाणण्यासारखा होता. लॅटिन नाव देताना त्याने पुष्कळदा कोळ्याच्या तोंडचे मराठी नावच उचलले. म्हणून आज जगातील कोणत्याही प्राणिशास्त्रज्ञाला शिंगाळ्याचा उल्लेख ‘सीनघाला’ असाच करावा लागतो. आणि ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘फुलंगी’, ‘मुल्या’ ही नावेही तशीच शास्त्रात जाऊन बसली आहेत. कोळ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांचे शब्द मात्र राहिले.

काही नावे त्याने आपल्या स्नेह्यांनाही वाहिली. समुद्रात जन्मून नदीत वर चढणाऱ्या अहीर माशाला त्याने गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे नाव दिले होते. शास्त्रात ते पुढे मागे पडले. खिरीट हा दक्षिणेतील नद्यांचा दांडगा, खडकाला चिकटून राहणारा मासा. त्याला त्याने विल्यम यॅरल याचे नाव दिले, आणि ते आजही चालू आहे. हा यॅरल म्हणजे इंग्लंडातील माशांचा प्रसिद्ध ग्रंथकार. १८३६ साली त्याचा ग्रंथ निघाला.

साइक्सच्या यादीतील खरा राजा ‘खुद्री’, म्हणजे दक्षिणेचा महसीर. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत तो मिळाल्याची नोंद आहे. मोठे सोनेरी खवले, जाड ओठ आणि वाहत्या पाण्याविरुद्ध चढण्याचे विलक्षण बळ. इंग्रज अंमलदार गळ घेऊन त्याच्या मागे लागले. मद्रासकडील एच. एस. टॉमस या अंमलदाराने १८७३ साली या छंदावर एक पुस्तकच लिहिले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे याने हिंदुस्थानच्या गोड्या पाण्यातील मासेमारीचा सरकारी अहवाल दिला. त्यात बारीक आसाची जाळी, विष आणि आडवे बांध यांनी माशांचा होणारा नाश सविस्तर मांडला होता. पुढे १८९७ साली मत्स्योद्योगाचा कायदा झाला आणि पाण्यात सुरुंगाची दारू उडविणे व विष कालविणे हा गुन्हा ठरला. कायदा चांगला, पण डोहाच्या काठी पहाऱ्याला शिपाई कोठून आणणार?

पहारा होता तो देवाचा. ज्या डोहाशी देऊळ वा घाट, तेथे मासा मारावयाचा नाही, असा दंडक कित्येक ठिकाणी होता. देहूला इंद्रायणीच्या डोहातील मासे तुकोबांच्या नावाने राखले गेले. यात्रेकरू त्यांना चारा घालीत. सोमेश्वराचीच युक्ती ही, फक्त गळ वजा केलेला. अशा डोहांचा व्यवहारातला उपयोग मोठा होता. उन्हाळ्यात इतर डोह उपसले गेले तरी एखाद्या राखलेल्या डोहात जुन्या, मोठ्या माद्या शिल्लक राहत. ज्येष्ठ-आषाढात पहिले लोंढे आले की त्या वर चढून खडीच्या पात्रात अंडी घालीत आणि नदी पुन्हा भरून निघे. पाइकचेही तसेच. बर्फ वितळताच तो पुराच्या उथळ पाण्यात शिरून अंडी घालतो, आणि म्हणून उत्तरेतले जाणते शिकारी मोठी मादी परत सोडून देतात. भीमाकाठी तेच काम श्रद्धेने केले होते. श्रद्धेला शास्त्र कळत होते असे नव्हे. पण परिणाम शास्त्राला धरूनच होता.

मग धरणे आली. भाटघरच्या पाण्यावर नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामतीकडच्या कोरड्या रानात ऊस उभा राहिला. या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही. भीमेवरील उजनीचे धरण १९८० च्या सुमारास पुरे होऊन त्यात पाणी अडले. सुमारे एकशे सतरा अब्ज घनफूट पाण्याचा हा यशवंतसागर इंदापूर, करमाळा, दौंड व कर्जत या तालुक्यांत पसरला. पळसदेव, जुने भिगवण व अशीच पुष्कळ गावे त्याखाली गेली. शेते गेली, घरे गेली, याची चर्चा झाली व व्हावयास हवीच होती. डोह गेले याची मात्र कोणी दखल घेतली नाही. पाणी वाढले असता डोह गेले म्हणणे विचित्र वाटेल. पण जेथे सारेच पाणी खोल आणि उभे, तेथे डोह कसला? वाहते पाणी व खडीचे पात्र यांवाचून महसीराची वीण होत नाही. समुद्रातून वर येणाऱ्या अहिराची वाटही बांधांनी अडविली. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून याच जलाशयात उतरते, त्याने उरलेसुरले बिघडविले. इंद्रायणीतही दूषित पाण्याने मासे मेल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार आल्या आहेत. म्हणजे देवाच्या पहाऱ्यातही आता राम उरला नाही.

उजनीत मासे नाहीत असे नव्हे. मासे विपुल आहेत, पण ते निराळे. गंगेकडचे कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडावे लागते. आफ्रिकेतून आलेली चिलापी मात्र स्वतःच अतोनात वाढली, आणि गेल्या काही वर्षांत अंगावर काट्यांचे कवच असलेला ‘सकर’ हा दक्षिण अमेरिकेतील मासा जाळी फाडू लागला आहे. भिगवणच्या बाजारात पहाटे माशांचे लिलाव होतात आणि पेट्यांत फोडलेला बर्फ भरून माल पुण्या-मुंबईकडे जातो. इंदापूर तालुक्यात मासा बर्फाखाली असतो तो असा. बुडालेल्या गावांच्या कित्येक घरांना या व्यवसायाने पोट दिले, हेही नमूद केले पाहिजे. महसीराच्या आठवणीने चिलापी धरणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणासच नाही.

महसीर अजिबात नष्ट झाला नाही, याचे श्रेय लोणावळ्याला आहे. तेथे टाटांच्या वीज कंपनीने आपल्या तळ्याशी या माशाची कृत्रिम पैदास सुरू केली. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास त्याच्या विणीचा अभ्यास करून अंडी उबविण्याची रीत बसविली आणि तेथून लक्षावधी पिले देशभर गेली. परंतु त्यांतली काही कावेरीत सोडली गेली, आणि येथे गोष्टीला विपरीत वळण लागले. कावेरीचा स्वतःचा एक मोठा, पाठीला उंचवटा असलेला महसीर आहे. दक्षिणेच्या पाहुण्याने तेथे मूळ रहिवाशाला मागे सारले, आणि २०१८ साली कावेरीचा हा महसीर नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरील जातींत नोंदला गेला. जो मासा भीमेत उपरा ठरला, तो कावेरीत आक्रमक ठरला. चूक माशाची नव्हे. तो कोठल्या पाण्याचा, हे न पाहता त्याला उचलून नेणाऱ्यांची.

उजनीचे पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ वर येते. २०२४ सालच्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्याही पुष्कळ खाली गेला तेव्हा ते असेच उघडे पडले आणि लोक गाळातून वाट काढीत दर्शनाला गेले. ऑगस्टात धरण भरले आणि देऊळ, घाट, नदीचे जुने पात्र, सारे पुन्हा पाण्याखाली गेले.