‘एकी वासना’ : लीळाचरित्रातला ‘एक’ कोण?

‘लीळाचरित्रा’त एखाद्या प्रसंगाचा निराळा पाठ नोंदवताना काही ठिकाणी हिराइसा, परशरामबास अशी स्मरणकर्त्यांची नावे येतात. काही ठिकाणी मात्र एवढेच असते : ‘एकी वासना’. वासना म्हणजे येथे आठवणीतला पाठ. (आजच्या ‘एकी’शी याचा संबंध नाही, उलट येथे दुमत आहे!)

ग्रंथकर्ते म्हाइंभट गोदाकाठच्या सराळ्याचे. चक्रधरस्वामींचा मुक्काम झालेले डोमेग्राम म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, श्रीरामपूर तालुक्यातले कमालपूर. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळा जमवल्या. पुढे मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. पाठभेद वाढले ते त्यामुळे.

आता प्रश्न व्याकरणाचा. इंग्रजीत नामापूर्वी ‘अ’ की ‘द’ हे बहुधा ठरवावेच लागते. मराठीत अशी उपपदे नाहीत. ‘ब्राह्मण आला’ यातला ब्राह्मण ओळखीचा की अनोळखी, हे संदर्भ सांगतो. ‘एक ब्राह्मण आला’ म्हटले की तो कथेत नव्याने आला, हे कळते. दोन आले नाहीत, हे सांगण्याचा तेथे हेतू नसतो.

बर्ट्रंड रसेल यांनी १९०५ मध्ये मांडले की ‘मला एक माणूस भेटला’ हे वाक्य कोणा विशिष्ट माणसाविषयी नसते. मला भेटलेला असा कोणीतरी माणूस आहे, एवढेच ते सांगते. मग पुढच्या वाक्यातला ‘तो’ कोण? आयरीन हाइम यांनी १९८२ च्या प्रबंधात सुचवलेले उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला चटकन पटावे : ‘एक’ म्हणजे नवे कार्ड उघडणे, ‘तो’ म्हणजे त्याच कार्डावर पुढची नोंद करणे.

मी नेमका येथेच चुकलो. सगळ्या ‘एकी वासना’ एका कार्डावर घेतल्या आणि कोणी अनाम शिष्य कल्पून त्याच्या स्मरणशक्तीचा तक्ताही केला. वस्तुतः प्रत्येक ‘एकी’ नवे कार्ड मागते. शिवाय ‘एकी’ हे स्त्रीलिंगी रूप ‘वासना’ या नामाचे विशेषण आहे. ते आठवणीला लागते, आठवणाऱ्याला नाही. त्यावरून तो पुरुष की स्त्री, एकटा की अनेक, काहीच ठरत नाही. नोंदणाऱ्याला नाव ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. ‘काल एकजण भेटला’ म्हणताना आपल्याला त्याचे नाव पुष्कळदा ठाऊक असतेच.

हिराइसा ही स्त्री होती आणि तिच्या नावाचा पाठ टिकला. तिच्या शेजारी नाव नसलेल्या आठवणीही तितक्याच काळजीने उतरवल्या गेल्या आहेत. नव्या तक्त्यात मी त्यांना वेगवेगळे क्रमांक दिले आहेत. नावाचा रकाना कोरा ठेवला आहे.